सव्यसाची माउस

आजचा धागा एका अशा वस्तूविषयी, जी इतिहासाच्या पुस्तकांत अद्याप शिरलेली नाही, पण तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर आहे: दोन्ही हातांनी वापरता येतो असे सांगून विकला जाणारा वायरलेस गेमिंग माउस. मी स्वतः डावखुरी आहे. त्यामुळे या विषयावर पूर्ण तटस्थपणे लिहिणे मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात मात्र कांदिवलीपासून करू. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई परिसरातील पुराश्मयुगीन हत्यारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातले महत्त्वाचे स्थळ कांदिवली होते. त्या काळाचे ओळखीचे हत्यार म्हणजे हातकुऱ्हाड. तिला दांडा नसतो; ती थेट मुठीत धरायची. दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेली, बदामाच्या आकाराची, मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. ती डाव्या मुठीतही बसते आणि उजव्याही.

मग त्या माणसांचे दोन्ही हात सारखेच चालत होते का? निकोलस टोथ या संशोधकाने १९८५ साली केनियातील कूबी फोरा येथील छिलक्यांचा अभ्यास करून मत मांडले की, ते फोडणारे बहुधा उजव्या हाताकडे झुकलेले होते. त्यावर आक्षेपही आले. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: हत्यार सममित असले म्हणून ते वापरणारे हातही समान असतात, असे नाही. माउसचा इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस बनवला. तो लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एकच बटण. या आकारात डावे-उजवे फारसे काही नव्हते. पण ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगेलबार्ट यांनी आपल्या यंत्रणेचे जाहीर प्रात्यक्षिक दिले, तेव्हा माउस त्यांच्या उजव्या हाती होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक वेगळा संच. माउस उजव्या हाताचा झाला तो आकारामुळे नव्हे, तर कामाच्या या वाटणीमुळे. आजही गेम खेळताना डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या कळांवर असतो. वाटणी तीच आहे.

१९८४च्या मॅकिन्टॉशचा माउसही चौकोनी आणि एकाच बटणाचा, म्हणजे कोणत्याही हाताला सारखाच. अडचण आली ती ‘सोयीस्कर’ आकार शोधू लागल्यावर. मायक्रोसॉफ्टच्या १९९९च्या इंटेलिमाउस एक्सप्लोररची पाठ उजव्या तळव्यासाठी घडवलेली होती आणि अंगठ्याची दोन बटणे डाव्या भिंतीवर. तळव्याला पूर्ण आधार मिळाला, पण फक्त उजव्या. डाव्या हातात तोच माउस धरला की उंचवटा नको त्या बाजूला येतो आणि मनगट वाकडे होते.

माझ्या घाटकोपरच्या शाळेतील संगणककक्षात तर आकाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. माउस साधा, सममित होता. पण त्याची वायर चिकटपट्टीने टेबलाच्या उजव्या कडेला बांधलेली. तो डावीकडे ओढला की बाई पुन्हा जागेवर ठेवत. वायरलेस माउसचे मोल गेमिंगवाले तारेच्या ओढीवरून सांगतात. मला ते त्या चिकटपट्टीवरून कळले.

गेमर मंडळी सममित आकाराकडे वळली ती डावखुऱ्यांच्या प्रेमाने नव्हे. तळवा टेकवून धरण्याऐवजी बोटे वाकवून किंवा केवळ बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांना माउस पटकन उचलून पुन्हा ठेवावा लागतो. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला अनामिका आणि करंगळी. दोन्ही भिंती सारख्या असल्या की पकड समतोल राहते. लॉजिटेकने २०१८ साली आणलेल्या जी प्रो वायरलेसमध्ये हा आकार होता, वजन ८० ग्रॅम, आणि दोन्ही भिंतींवर काढता-घालता येणारी बटणे. अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूला बटणे लावायची आणि दुसरीकडे झाकणे.

या गुणाला मराठीत शब्द आहे: सव्यसाची. ‘सव्य’ म्हणजे संस्कृतात डावा. पण विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो तेव्हा या नावाचे कारण असे देतो की, गांडीव ओढताना त्याचे दोन्ही हात उजवेच आहेत. डाव्या हाताची स्तुती करतानाही माप उजव्याचेच!

२०२० साली त्याच माउसची सुपरलाइट आवृत्ती आली. वजन ६३ ग्रॅमपेक्षा कमी, आकार जवळपास तोच. उजव्या भिंतीवरची बटणे मात्र गेली. रेझरच्या वायपर अल्टिमेटला (२०१९, ७४ ग्रॅम) दोन्हीकडे बटणे होती. त्यानंतरच्या व्ही२ प्रोमध्ये (२०२२, ५८ ग्रॅम) ती डावीकडेच उरली. माझ्या मते हा हलकेपणाच्या स्पर्धेचा परिणाम आहे: ग्रॅम ग्रॅम वाचवताना आधी जाते ते, जे थोड्यांच्याच उपयोगाचे असते. आकार सममित राहिला, माउस सव्यसाची राहिला नाही. डाव्या हातात धरला तर अंगठ्याखाली कोरी भिंत येते.

माझ्या टेबलावर २०१८चेच मॉडेल आहे, जुने विकत घेतलेले. बटणे उजवीकडे, झाकणे डावीकडे, आणि डब्ल्यू-ए-एस-डीऐवजी उजवा हात बाणांच्या कळांवर. एक लाभ अनपेक्षित: कीबोर्डवरचे आकड्यांचे खण उजवीकडे असल्याने उजव्या हाताचा माउस दूर ढकलला जातो, माझा मात्र जवळ राहतो. धाग्यात आणखी डावखुरे असतील तर त्यांनी कोणत्या कळा निवडल्या ते खाली लिहावे.