तळटीप : सोकचो

सोकचो : दक्षिण कोरियाच्या ईशान्य टोकाजवळचं मासेमारीचं छोटं शहर, पाठीशी १७०८ मीटर उंचीचा सोराकसान. १९४५मध्ये ३८व्या अक्षांशावर रेघ पडली तेव्हा ते उत्तरेकडे गेलं, पुढे युद्धात दक्षिणेच्या हाती आलं.

मजकुरात आलेली 'अबाई वस्ती' मुख्यतः उत्तरेच्या हामग्योंगमधल्या निर्वासितांची. आज ना उद्या घरी परतू, या भरवशावर त्यांनी वाळूच्या पट्ट्यावर झोपड्या घातल्या. सरहद्द उघडलीच नाही. शहरातून तिथे जाणाऱ्या 'गॅटबे' या सपाट तराफ्याला इंजिन नाही. खाडीवर ताणलेल्या तारेत लोखंडी आकडा अडकवायचा आणि मागे रेटत चालायचं. उतारूही हात लावतात.

एका टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणानंतर, म्हणजे २०००नंतर, इथे गर्दी वाढली. खवय्यांना मात्र ओढ 'सुंडे'ची : डुकराच्या आतड्याऐवजी माकूळ मासळीच्या पोटात सारण भरून वाफवलेली.