चाळीस माणसांचं गाव आणि सातशे मीटरची भिंत

आजचा एपिसोड एका ओढ्याबद्दल आहे. नदी नाही, ओढाच. नाव टानबाख. रुंदी इतकी कमी की शाळकरी पोरगं थोडं पळत येऊन सहज पलीकडे उडी मारेल. या ओढ्याच्या दोन्ही काठांवर जर्मनीतलं एक गाव वसलंय, म्योडलारॉइट. नाव उच्चारायला अवघड आहे, मीही दोन-तीनदा प्रॅक्टिस केली. लोकसंख्या चाळीस-पन्नासच्या आसपास. आपल्याकडे एका वाड्यात एवढी माणसं राहायची.

बर्लिनच्या भिंतीची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल, रील्समध्ये पाहिली असेल. पण तशीच भिंत या एवढ्याशा गावाच्या मधोमधही होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सुरुवात मात्र अगदी साधी आहे. 1810 साली या ओढ्याच्या काठाने सीमेचे दगड रोवले गेले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइस नावाचं छोटं संस्थान. दगडांवर दोघांची आद्याक्षरं कोरलेली. बस्स, इतकंच. कर वेगळ्या राजाला जायचा, कागदपत्रं वेगळ्या कचेरीत व्हायची. पण शाळा एकच, आणि ती रॉइसच्या बाजूला. गावातला गुत्ता म्हणा, खानावळ म्हणा, तीही तिकडेच. चर्चला जायचं तर सगळे बव्हेरियातल्या ट्योपन या शेजारच्या गावी जात. म्हणजे पोरं ओढा ओलांडून शिकायला इकडून तिकडे, आणि रविवारी माणसं प्रार्थनेला तिकडून इकडे. लग्नं तर दोन्हीकडे होतच होती. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले आणि 1920 मध्ये रॉइसचा भाग थ्युरिंगिया राज्यात गेला. गावाला त्याचा काही फरक पडला नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हाच भाग. जवळपास 140 वर्षं ती रेघ तिथेच होती आणि कुणाच्या रोजच्या जगण्यात आली नव्हती. नवीन रेघ कुणी ओढलीच नाही. जुन्याच रेघेला नवीन अर्थ मिळाला.

दुसरं महायुद्ध संपलं, जर्मनी हरली, आणि जिंकलेल्या देशांनी तिची वाटणी केली. वाटणी करताना नकाशावर ज्या जुन्या प्रांतांच्या हद्दी होत्या त्याच वापरल्या. बव्हेरिया अमेरिकेकडे, थ्युरिंगिया सोव्हिएत रशियाकडे. त्या नकाशावर टानबाख म्हणजे केसाएवढी रेघ असणार. 1949 मध्ये दोन वेगळे देश झाले, पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी, आणि ओढ्याच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. तरीसुद्धा सुरुवातीला पास दाखवून ये-जा चालायची.

मग आला मे 1952. पूर्व जर्मनीच्या सरकारने संपूर्ण सीमेवर, म्हणजे जवळजवळ 1,400 किलोमीटर, नवे नियम लागू केले. सीमेलगत 10 मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यावर पाऊल उमटलं तर लगेच दिसावं म्हणून. त्यामागे 500 मीटरचा सुरक्षा पट्टा. आणि एकूण 5 किलोमीटर आतपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. पूर्वेकडचं अख्खं म्योडलारॉइट त्या 500 मीटरमध्येच बसत होतं! गावात राहायचं तर ओळखपत्रावर शिक्का. बाहेरगावचा पाहुणा आणायचा तर आधी परवानगी. स्वतःच्या मामाला जेवायला बोलवायचं तर अर्ज करा.

याच काळात सीमेवरच्या गावांमधून हजारो लोकांना 'भरवशाचे नाहीत' असं ठरवून घराबाहेर काढलं आणि आतल्या भागात नेऊन सोडलं. या मोहिमेचं सरकारी कागदांतलं सांकेतिक नाव होतं 'उंगेत्सीफर'. त्याचा अर्थ उपद्रवी किडे. ढेकूण, झुरळं या अर्थाचा शब्द, आणि तो स्वतःच्याच नागरिकांसाठी. म्योडलारॉइटमधूनही लोक गेले. यावर मी वेगळी कॉमेंट करत नाही, शब्दच पुरेसा आहे.

गावात आधी माणसाच्या उंचीचं लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा. आणि 1966 मध्ये काँक्रीटची भिंत. लांबी 700 मीटर, उंची 3.3 मीटर. रात्री झगझगीत दिवे, टेहळणीचा मनोरा, गस्त. भिंत ओढ्यापासून थोडी आत, पूर्वेच्या जमिनीवर होती. त्यामुळे पश्चिमेकडचा माणूस ओढ्याच्या काठापर्यंत येऊ शकायचा, पण पाण्यात अर्ध्यापुढे पाय टाकला की तो दुसऱ्या देशात.

इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांनी गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायला सुरुवात केली. नाव गोड आहे, पण मला ते फारसं पटत नाही. बर्लिनवर सगळ्या जगाचे कॅमेरे होते. आणि बर्लिनमध्ये निदान ओलांडायची ठिकाणं तरी होती. म्योडलारॉइटमध्ये एकही फाटक नव्हतं. 1973 नंतर पश्चिमेकडच्या सीमाभागातल्या लोकांना पूर्वेत एका दिवसासाठी जायची सोय झाली, पण प्रतिबंधित क्षेत्र त्यातून वगळलेलं. म्हणजे पश्चिमेचा म्योडलारॉइटकर लांबचा वळसा घालून पूर्व जर्मनीतल्या दुसऱ्या गावात जाऊ शकत होता, पण समोर दिसणाऱ्या घरात नाही!

आणि हात हलवायचं काय? पश्चिमेकडचे लोक, पर्यटक, चढावर उभं राहून हात हलवायचे. पूर्वेकडच्यांना उत्तर द्यायला मनाई होती. हात वर करणंही नाही, हाक मारणंही नाही. समोर सख्खा नातेवाईक दिसतोय आणि तुम्ही मान खाली घालून गवत कापताय. असं एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. भिंत तर भिंतच असते हो, पण हा नियम मला भिंतीपेक्षा जास्त क्रूर वाटतो.

गावातली ही भिंत ओलांडून पळण्यात एकच माणूस यशस्वी झाला, 1973 मध्ये, शिडीच्या मदतीने. 1983 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश पश्चिमेच्या बाजूने भिंत पाहून गेले. पूर्वेच्या बाजूने कुणी काही पाहायला येणं शक्यच नव्हतं.

9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली. टीव्हीवर जल्लोष. म्योडलारॉइटची मात्र तशीच बंद! इथे पायी जाण्यापुरती वाट उघडायला बरोबर एक महिना लागला, 9 डिसेंबर उजाडला. पुढच्या वर्षी 17 जूनला यंत्र लावून भिंत पाडली. जवळपास 100 मीटरचा तुकडा मात्र मुद्दाम ठेवलाय, मनोऱ्यासकट, आणि त्याभोवती आज म्युझियम आहे. 2015 मध्ये जर्मन टीव्हीवर 'टानबाख' नावाची मालिका आली, तिची प्रेरणा हेच गाव.

आता गंमत ऐका. गाव अजूनही दोन राज्यांत आहे. पूर्वेचा अर्धा भाग थ्युरिंगियात, गेफेल नगराच्या हद्दीत. पश्चिमेचा अर्धा भाग बव्हेरियात, ट्योपनच्या हद्दीत. दोन महापौर, दोन पिनकोड, फोनचे दोन वेगळे कोड, गाड्यांच्या नंबरप्लेटही वेगळ्या. हे एक का करत नाहीत, असं बाहेरचे लोक विचारतात. मला विचाराल तर काही बिघडत नाही. 1810 मध्येही असंच होतं आणि पोरं शाळेत जातच होती.

एक फरक मात्र कानाला कळतो. ओढ्याच्या बव्हेरियाच्या बाजूला भेटलात तर लोक 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, देवाचं नाव घेऊन केलेला नमस्कार, आपल्या रामरामसारखा. चार पावलं पलीकडे गेलात की 'गुटन टाग'. मधल्या ओढ्यावर आता छोटा पूल आहे, आणि हात हलवला तर समोरून हात हलतो.