दगडी बांध आणि द्राक्षवेल

मिस्साबलिदानासाठी भाकर आणि द्राक्षारस या दोनच वस्तू लागतात. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेने हा द्राक्षारस वेलीच्या फळापासून केलेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, एवढीच अट घातली आहे. त्याच्या रंगाविषयी नियम नाही. वेदीवरील शुभ्र वस्त्रांवर डाग पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी पांढराच द्राक्षारस वापरला जातो. चषकातल्या त्या चार थेंबांमागे किती दगड, किती माती आणि किती पिढ्यांचे श्रम असतात, याचा विचार मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. म्हणून एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन द्राक्षभूमींचा हा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे. एक इटलीच्या समुद्रकाठची, दुसरी आपल्या जालना जिल्ह्यातली.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा चिंचोळा प्रांत आहे. तेथे डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. त्यातही मॉन्तेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे या पाच गावांचा कडेकपारींचा पट्टा ‘चिंक्वे तेर्रे’, म्हणजे ‘पाच भूमी’, म्हणून ओळखला जातो. सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून तेथील माणसांनी उतार फोडले, निघालेले दगड चुन्यावाचून एकावर एक रचून बांध घातले, त्यांमागे माती भरली आणि त्या अरुंद पायऱ्यांवर वेली लावल्या. यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातला मळेवाला आधी दगड वेचतो आणि मग वेल लावतो. येथे तर वेचलेला दगडच मळ्याचा आधार झाला.

या वेली मुख्यतः पांढऱ्या द्राक्षांच्या: बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेन्तिनो. पांढरी मद्ये करताना द्राक्षे पिळून साली लगेच बाजूला काढतात आणि केवळ रस आंबवतात. तांबड्या मद्यासाठी रस सालींसह आंबवला जातो. याच द्राक्षांचे ‘शाक्केत्रा’ नावाचे गोड मद्यही होते. त्यासाठी निवडक घड सावलीत, वाऱ्यावर सुकवतात आणि १ नोव्हेंबरनंतरच पिळतात. द्राक्षे सावलीत सुकवून बेदाणा करण्याची रीत तासगावच्या शेतकऱ्याला ठाऊक आहेच. तेथे त्या अर्धसुक्या घडांचा रस काढतात, एवढाच फरक. चौदाव्या शतकाच्या मध्यास बोकाच्चो याने आपल्या ‘डेकामेरॉन’ या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. एक लुटारू क्लुनीच्या मठाधिपतींना कोंडून ठेवतो आणि भाजलेली भाकरी व कोर्निलियाचे ‘वेर्नाच्चा’ मद्य देऊन त्यांचे पोटाचे दुखणे बरे करतो. त्या मद्याची कीर्ती तेव्हा केवढी होती, हे यावरून कळते.

नवलाची गोष्ट ही, की त्याच शतकात आपल्या मराठवाड्यातही द्राक्षे पिकत होती. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४० च्या दशकात दौलताबादेस आला. येथे द्राक्षे आणि डाळिंबे असून त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने केली आहे. आजही महाराष्ट्रातली वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. थंडीत झोपी जाणारी युरोपातली वेल आपल्या उन्हात झोपतच नाही; म्हणून तिला कात्रीने शिस्त लावावी लागते.

‘जालना सोने का पालना’ अशी म्हण असली, तरी १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा पावसाच्या लहरीवर जगत आला आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे असेच एक कोरडवाहू, उघड्या माळांचे गाव. तेथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून काम सुरू झाले. जर्मनीचे अर्थसाहाय्य, नाबार्डची यंत्रणा आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र, असा तो मेळ होता. या कार्यक्रमाची मूळ प्रेरणा एका येशूसंघीय धर्मगुरूची. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ साली ते भारतात आले आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, परिसरात दुष्काळी खेड्यांसाठी झिजले. क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कामाचे सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी टेकडीच्या माथ्यावर चर खणायचे, मग उतारावर बांध घालायचे आणि शेवटी ओढ्यावर नालाबांध. धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले आणि थांबलेले जिरले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या गावाने पाळायच्या अटी होत्या. शेळ्यांवर पोट असलेल्यांना आणि भूमिहीनांना चराईबंदीची झळ आधी लागते आणि पाण्याचा लाभ शेवटी मिळतो, हेही विसरता कामा नये. विहिरींना पाणी आले, शेततळी झाली आणि कडवंचीच्या शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या भीषण दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना या गावाने आपल्या बागा जगवल्या. ही मुख्यत्वे खाण्याची द्राक्षे आहेत. महाराष्ट्रात मद्याच्या द्राक्षांची शेती नाशिक-नारायणगाव पट्ट्यात वाढली आणि २००१ च्या शासकीय धोरणाने तिला बळ मिळाले.

आता लिगुरियाच्या कथेचा उत्तरार्ध पाहू. १८६९ मध्ये जवळच्या ला स्पेत्सिया बंदरात नौदलाचा कारखाना सुरू झाला, १८७४ पर्यंत किनाऱ्याने रेल्वे पूर्ण झाली आणि तरुण मजुरीसाठी डोंगर उतरले. पुढे फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने वेली मारल्या. बांध कोणी डागडुजी करीना. १९९७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, पर्यटकांची रीघ लागली. परंतु पर्यटक दगड रचत नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मुसळधार पावसाने मॉन्तेरोस्सो आणि वेर्नाझ्झा चिखलाखाली गाडली गेली, माणसे दगावली. ओसाड पडलेल्या पायऱ्यांची माती आता कोणी धरून ठेवीत नाही, हे सत्य तेव्हा साऱ्यांना उमगले.

हा धडा आपल्यासाठीही आहे. चर आणि बांध साऱ्या गावाचे असतात. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे एकाचे असते. विहिरीतून उपसलेले पाणी ज्याने त्याने आपल्या तळ्यात साठवायचे ठरवले, तर माथ्यावरचे चर गाळाने भरले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि भूगर्भातला सामाईक ठेवा मात्र आटत जाईल. बांध घालण्याचा उत्साह एका पिढीला पुरतो. तो राखण्याचे कष्ट प्रत्येक पिढीने नव्याने स्वीकारावे लागतात. वेल एका घरची असली, तरी तिच्या मुळाशी पोहोचणारे पाणी साऱ्या डोंगराचे असते.