स्तनाच्या कर्करोगाचे उपप्रकार : एक टक्क्याची सीमारेषा आणि बंगळुरूतील संशोधन

स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नसून भिन्न स्वभावाच्या अनेक रोगांचा समूह आहे, हे वैद्यकशास्त्रात आता सर्वमान्य झाले आहे. अमेरिकेतील चार्ल्स पेरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली गाठींमधील जनुकांच्या क्रियाशीलतेवरून या रोगाचे गट पाडले. अशी तपासणी खर्चिक असल्याने रुग्णालयांत विकृतिशास्त्रज्ञ गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंडे व रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली तीन प्रथिनांचा शोध घेतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर व हर-टू ही ती प्रथिने होत. तिन्ही न आढळल्यास रोगाला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हटले जाते. त्यावर टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे उपयोगी पडत नाहीत आणि उपचाराचा मुख्य भार केमोथेरपीवर राहतो. भारतातील अनेक अभ्यासांत या उपप्रकाराचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरेच अधिक आढळले आहे.

खरा पेच आहे तो सीमारेषेचा. किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह मानावी? पूर्वी अनेक प्रयोगशाळा 10 टक्के ही मर्यादा मानत असत. 2010 मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांच्या संघटनांनी ती 1 टक्क्यावर आणली. संप्रेरकविरोधी उपचाराचा लाभ होऊ शकणारी एकही रुग्ण वंचित राहू नये, हा त्यामागील हेतू होता.

मात्र 1 ते 10 टक्के पेशी रंगलेल्या गाठी खरोखरच पॉझिटिव्ह गाठींसारख्या वागतात काय, हा प्रश्न उरला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधील ज्योती प्रभू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेल्या गाठींचा अभ्यास केला. रंगलेल्या पेशी मोजण्यावर न थांबता त्यांनी जनुकांच्या आरएनएचीही पातळी तपासली. अशा सीमेवरील बहुसंख्य गाठी रिसेप्टर निगेटिव्ह गाठींप्रमाणेच वागतात, असा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर विसंबून केवळ संप्रेरकविरोधी गोळ्यांवर भिस्त ठेवल्यास अशा रुग्णेचा उपचार अपुरा ठरण्याचा धोका यातून स्पष्ट होतो.

पुढे 2020 मध्ये त्याच अमेरिकन संघटनांनी 1 ते 10 टक्क्यांच्या गाठींची नोंद ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी करण्याची सूचना केली. संप्रेरकविरोधी औषधांचा मार्ग या रुग्णांसाठी खुलाच ठेवण्यात आला. त्यांच्या लाभाविषयीचा पुरावा मर्यादित असल्याचे अहवालात नमूद करावे, असेही सुचविण्यात आले.

या साऱ्या वर्गीकरणाचा पाया शस्त्रक्रियागृहात घातला जातो, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. काढलेला भाग तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तो त्यात 6 ते 72 तास राहणे अपेक्षित असते. विलंब झाल्यास प्रथिने नष्ट होऊ लागतात आणि मूळची पॉझिटिव्ह गाठ अहवालात निगेटिव्ह म्हणून नोंदली जाऊ शकते.