शेतावर नगरपंचायतीचं आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली का? कायदा काय सांगतो, वाचा

तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि आजूबाजूची शेतं शहराच्या हद्दीत आली. विकास आराखडा निघाला की कुणाच्या गटातून रस्ता जातो, कुणाच्या गटावर बाग, शाळा किंवा मंडईचं आरक्षण पडतं. मग गावात बोललं जातं, जमीन गेली. पण आरक्षण पडणं वेगळं आणि जमीन जाणं वेगळं.

आरक्षण म्हणजे काय?
आरक्षण पडलं तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. शेती करता येते, पण आरक्षणाच्या आड येणारं बांधकाम करता येत नाही. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकती मागवतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

जमीन घेण्याचे तीन मार्ग
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम १२६ मध्ये तीन मार्ग दिले आहेत.
१) मालकाशी वाटाघाटी करून रक्कम देणं.
२) रोख पैशाऐवजी टीडीआर किंवा एफएसआय देणं. लहान शहरात टीडीआर विकत घेणारा मिळेल का, हे आधी पाहावं.
३) सरकारमार्फत भूसंपादन. यात २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोबदला आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते.

दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर?
अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली, तरी आरक्षण आपोआप उठत नाही. कलम १२७ प्रमाणे मालकाने मालकीच्या कागदपत्रांसह खरेदीची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं कायदा मानतो. नोटीसच दिली नाही, तर हे २४ महिने सुरूच होत नाहीत. अनेकांचं नुकसान इथंच होतं.

घेतलेली जागा नगरपंचायत विकू शकते का?
मनाला येईल तशी नाही. नगरपरिषद, नगरपंचायत कायदा, १९६५ च्या कलम ९२ प्रमाणे स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला राज्य शासनाची मंजुरी लागते. तसा ठरावही एकूण नगरसेवकांच्या दोन तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

काय करावं?
आपला गट कोणत्या आरक्षणात आहे, हे नगरपंचायत किंवा नगररचना कार्यालयात नकाशा पाहून खात्री करावी. अंतिम आराखडा कधी लागू झाला ती तारीख लिहून ठेवावी. नोटीस वकिलाकडून तपासून मगच द्यावी.