सातचा भागाकार : षष्टिमान पद्धतीच्या इतिहासातील एक प्रकरण

संख्येचे मूळत्व लेखनपद्धतीवर अवलंबून नसते. तिने केलेल्या भागाकाराचे रूप मात्र पायानुसार बदलते. मेसोपोटेमियातील ६० या पायाला २, ३ आणि ५ या मूळ संख्यांनी भाग जातो. भाग न जाणारी पहिली मूळ संख्या सात होय. म्हणून षष्टिमानात एक सप्तमांश ८, ३४, १७ या आवर्तनात अखंड फिरत राहतो. इ.स.पू. १८०० च्या सुमारास प्रचलित असलेल्या व्यस्तांकांच्या प्रमाण कोष्टकांत सातचा व्यस्तांक वगळलेला आढळतो, तो याच कारणाने.

ही अडचण त्याहूनही जुनी आहे. शुरुप्पक येथे सापडलेल्या, इ.स.पू. सुमारे २५०० मधील दोन मृत्तिकापट्टांवर एकच उदाहरण आहे : एका कोठारातील ११,५२,००० सिला धान्य प्रत्येकी सात सिला या दराने किती माणसांना पुरेल? एका पट्टावर १,६४,५७१ माणसे व ३ सिला बाकी असे अचूक उत्तर आहे, दुसऱ्यावर १,६४,१६०. दुसऱ्या उत्तरात २,८८० सिला धान्य वाटणीबाहेर राहते.

स्थानमूल्यात्मक लेखन त्या काळी रूढ झालेले नव्हते. तेव्हा पहिले उत्तर ४५, ४२, ५१ असे मांडणे ही आपली सोय आहे. तरीही हा भागाकार केवळ व्यवहाराचा म्हणता येत नाही. नित्याच्या वाटपासाठी सोयीचे भाजक उपलब्ध असताना सातची निवड झाली, ती बहुधा अडचणीसाठीच. म्हणूनच इतिहासकाराला चुकलेले उत्तरही अचूक उत्तराइतकेच मोलाचे वाटते. विद्यार्थ्याची धडपड तेथेच दिसते.