वीज कुठे अडली?

लॅपटॉप "मेला" असं आपण म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा नुसता उपाशी असतो. चार्जरपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत वीज कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे शोधायला मल्टिमीटर लागतो आणि एक कागद लागतो, सर्किट डायग्रामचा. या कागदाची गोष्ट मोठी मजेशीर आहे, म्हणून आज ती.

अ‍ॅपल टूचं जानेवारी १९७८ चं मॅन्युअल, ज्याला लोक 'रेड बुक' म्हणतात, त्यात बोर्डाचा पूर्ण डायग्राम होता. रॉममधल्या प्रोग्रॅमची यादीसुद्धा! १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला, त्याच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकातही डायग्राम आणि बायॉसचा छापील प्रोग्रॅम. पैसे टाका, पुस्तक घ्या. वस्तू तुमची, उघडून बघा, असा सगळा मामला.

पुढे यंत्रं लहान झाली आणि गुंतागुंत वाढली. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचा नियमसंच आणला, आणि 'बंद' या साध्या शब्दालाही प्रकार आले. झोपलेला बंद, पूर्ण बंद, वायर काढलेला बंद... म्हणजे लॅपटॉप बंद दिसतो, पण आत काही लाइनी जाग्याच असतात. कुठली लाइन कधी जागी हवी हे डायग्रामशिवाय कळणार कसं? आणि नेमक्या याच काळात डायग्राम ग्राहकाच्या हातून गेला. "कंपनीचं गुपित" झाला.

२०१२ च्या आसपासचं मॅकबुक घ्या. चार्जर लावला की आधी ३.४२ व्होल्टची, सदैव जागी असणारी लाइन यायला हवी. मग चार्जरचा हिरवा दिवा. मग १२.६ व्होल्टच्या आसपासची मुख्य लाइन, आणि बटण दाबल्यावर प्रोसेसरच्या एक व्होल्टच्या घरातल्या लाइनी. पहिली आली नाही तर पुढच्या येत नाहीत, म्हणून कारागीर त्याच क्रमाने मीटर लावत जातो. दिवा हिरवा, पण मुख्य लाइन गायब? बऱ्याचदा तिळाएवढा एखादा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. असे शेकडो तीळ बोर्डावर! मग बाहेरून एक-दोन व्होल्ट सोडायचे, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं, आणि ते सगळ्यात आधी कुठे उडतं ते बघायचं. गुन्हेगार तिथेच तापलेला. मला तर हे वैद्याने नाडी बघण्यासारखं वाटतं :)

पण ती लाइन बोर्डावर कुठून कुठे जाते, हे सांगणारा डायग्राम बाहेर फुटलेलाच मिळायचा, चोरून. लॅमिंग्टन रोडच्या 'चिप लेव्हल' पाट्यांपासून न्यूयॉर्कच्या दुकानांपर्यंत हीच तऱ्हा. न्यूयॉर्कच्या लुई रॉसमनने अशी दुरुस्ती यूट्यूबवर उघडपणे दाखवली आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी आमदारांपुढे साक्षी दिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा कायदा झाला खरा, पण सही होता होता त्यात सवलती शिरल्या. इजेचा धोका असेल तर सुटा भाग न देता अख्खी जोडणीच द्यायची मुभा कंपन्यांना मिळाली. अ‍ॅपलने त्याच वर्षी घरच्या दुरुस्तीसाठी मॅन्युअल दिली, त्यातही उपाय एकच, अख्खा बोर्ड बदला. डायग्राम नाहीच. १९७८ चं रेड बुक आठवून हसावं की काय करावं!

"बदला की मग, त्यात काय," असं कुणी म्हणेल. पण २०१६ च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोपासून साठवणीच्या चिपाही बोर्डालाच डाग देऊन बसवलेल्या आहेत. बोर्ड बदलला की वीज येते, आणि बारशाचे, लग्नाचे, आजीचे शेवटचे फोटो (दुसरीकडे प्रत नसेल तर) जुन्या बोर्डाबरोबर जातात. ते परत हवे असतील तर तो तिळाएवढा कपॅसिटरच शोधावा लागतो.